कॉलेजच्या मॅटवरून यूएफसीच्या दुहेरी किताबापर्यंत : डॅनियल कॉर्मिएची वाटचाल

अमेरिकेत शनिवारची रात्र असते तेव्हा आपल्याकडे रविवारची सकाळ उजाडलेली असते. त्यामुळे मिश्र युद्धकला, म्हणजेच एमएमए, या खेळाच्या मोठ्या लढती गोव्यातील तरुण मंडळी रविवारी सकाळच्या चहाबरोबर मोबाइलवर पाहतात. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र जाळीच्या पिंजऱ्यात चाललेला हा प्रकार नुसती मारामारी वाटतो. काहींचा समज असा, की डब्ल्यूडब्ल्यूईप्रमाणे याचाही निकाल आधीच ठरलेला असतो. दोन्ही समज चुकीचे आहेत. हा खेळ खरा आहे, त्याला लिखित नियम आहेत आणि गेली तीन दशके त्याच्या शिखरावर जे खेळाडू पोहोचले, त्यांतील अनेकांची मुळे कुस्तीत आहेत. आखाडा ओळखणाऱ्या मराठी वाचकाला या खेळाकडे पाहण्याची एक वाट त्यामुळे आपोआप मोकळी होते.

ती वाट समजून घेण्यासाठी डॅनियल कॉर्मिए या अमेरिकन मल्लाचे उदाहरण विशेष उपयोगी आहे. महाविद्यालयीन कुस्तीत त्याला सर्वोच्च विजेतेपद मिळाले नाही, दोन ऑलिंपिकमध्ये संघात असूनही पदक मिळाले नाही. तरीही वयाच्या तिशीत नवा खेळ आरंभून तो एकाच वेळी दोन वजनी गटांचा जगज्जेता झाला.

लुईझियाना ते ओक्लाहोमा

कॉर्मिएचा जन्म 20 मार्च 1979 रोजी लुईझियाना राज्यातील लाफायेट येथे झाला. तो सात वर्षांचा असताना, 1986 मध्ये, त्याच्या वडिलांचा गोळी लागून खून झाला. लाफायेटच्या नॉर्थसाइड हायस्कूलमध्ये तो कुस्तीकडे वळला आणि तीनदा राज्यविजेता ठरला. त्याच काळात, 1995 मध्ये, कॅडेट गटाच्या जागतिक स्पर्धेत ग्रीको-रोमन प्रकारात त्याला कांस्यपदक मिळाले.

पुढची पायरी म्हणजे कॅन्सस राज्यातील कोल्बी कम्युनिटी कॉलेज. अमेरिकेत अशी दोन वर्षांची महाविद्यालये असतात आणि त्यांच्या स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा होतात. कॉर्मिएने तेथे सलग दोन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि नंतर ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात प्रवेश घेतला. आपल्याकडे मल्लविद्येच्या संदर्भात कोल्हापूरचे जे स्थान आहे, तेच अमेरिकेच्या महाविद्यालयीन कुस्तीत या विद्यापीठाचे आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

या महाविद्यालयीन कुस्तीचे स्वरूप ऑलिंपिकमधील फ्रीस्टाइलपेक्षा थोडे वेगळे असते. तिला तेथे ‘फोकस्टाइल’ म्हणतात. प्रतिस्पर्ध्याला नुसते खाली घेऊन भागत नाही. त्याच्यावर ताबा टिकवावा लागतो आणि खाली असलेल्याला सुटून उठण्याबद्दल गुण मिळतो. प्रतिस्पर्ध्यापेक्षा निव्वळ एक मिनिट अधिक ताबा राखणाऱ्याला एक जादा गुण दिला जातो. वरच्याने दाबून धरायचे आणि खालच्याने उसळून उठायचे, ही झटापट सात मिनिटे चालते. पुढे पिंजऱ्यात नेमके हेच कौशल्य कामी येते.

2001 मध्ये कॉर्मिए 184 पौंड गटात एनसीएएच्या पहिल्या विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचला. समोर होता आयोवा स्टेटचा केल सँडरसन. चार वर्षांच्या महाविद्यालयीन कारकिर्दीत सँडरसनने 159 कुस्त्या लढल्या आणि एकही गमावली नाही. अशा मल्लाच्या काळात त्याच्याच वजनी गटात असणे, हे कॉर्मिएच्या वाट्याला आले. तो अंतिम कुस्ती हरला.

दोन ऑलिंपिक आणि रिकामे हात

पदवीनंतर तो फ्रीस्टाइलमध्ये 96 किलो गटात उतरला. याच काळात, 2003 मध्ये, त्याची तीन महिन्यांची मुलगी मोटार अपघातात दगावली. या दुःखाबद्दल तो पुढे अनेकदा जाहीरपणे बोलला आहे. त्या दिवसांत सरावाच्या मॅटनेच आपल्याला सावरले, असे त्याच्या बोलण्यातून जाणवते.

पुढच्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये तो उपांत्य फेरीपर्यंत गेला. तेथे रशियाच्या खाजीमुराद गात्सालोवने त्याला हरवले आणि कांस्यपदकाच्या कुस्तीत इराणच्या अलीरेझा हैदरीने. चौथा क्रमांक पदरी पडला. 2007 मध्ये बाकू येथील जागतिक स्पर्धेत मात्र त्याने कांस्यपदक मिळवले. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकसाठी त्याची अमेरिकन फ्रीस्टाइल संघाचा कर्णधार म्हणून निवड झाली आणि तेथे पदकाची आशा धरणे मुळीच अवास्तव नव्हते.

प्रत्यक्षात तो बीजिंगमध्ये मॅटवर उतरलाच नाही. वजन उतरवण्याच्या प्रयत्नात त्याच्या मूत्रपिंडांनी काम करणे थांबवले. त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले आणि स्पर्धेतून माघार घ्यावी लागली.

वजन उतरवणे म्हणजे नेमके काय?

येथे थोडे थांबून ही प्रक्रिया समजून घ्यायला हवी, कारण या साऱ्या कथेतील सर्वांत गंभीर बाब तीच आहे. मल्लाचे नेहमीचे वजन गटाच्या मर्यादेपेक्षा काही किलोंनी अधिक असते. वजन घेण्याआधीच्या थोड्या दिवसांत तो चरबी नव्हे, तर मुख्यतः शरीरातील पाणी घटवतो. मीठ बंद, पाणी जवळजवळ बंद, वाफेच्या खोलीत बसणे, घाम यावा म्हणून जाड कपड्यांत धावणे, हे त्याचे मार्ग. पाणी घटले की रक्ताचे प्रमाण घटते, मूत्रपिंडांना होणारा पुरवठा कमी होतो आणि त्यातच कठोर व्यायाम चालू असेल तर स्नायूंच्या झिजेतून निघणारे घटकही त्यांनाच गाळावे लागतात. एका मर्यादेपलीकडे ती हार मानतात.

हा धोका तेव्हा कोणाला ठाऊक नव्हता असे नाही. 1997 च्या अखेरीस अमेरिकेत जेमतेम महिन्याभराच्या अवधीत तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरवताना मरण पावले होते. त्यानंतर एनसीएएने वाफेच्या खोल्यांवर आणि रबरी पोशाखांवर बंदी घातली आणि वजन कुस्तीच्या अगदी आधी घेण्याचा नियम केला, जेणेकरून अवाजवी पाणी घटवणाऱ्याला ते भरून काढण्यास वेळच मिळू नये. आंतरराष्ट्रीय कुस्तीत मात्र बीजिंगच्या वेळी आदल्या दिवशी वजन घेण्याची पद्धत होती. पुढे तेथेही स्पर्धेच्या दोन्ही दिवशी सकाळी वजन घेण्याचा नियम आला. त्याच नियमाखाली 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट अंतिम कुस्तीच्या दिवशी 50 किलोंपेक्षा अवघे 100 ग्रॅम अधिक भरली आणि अपात्र ठरली. त्या सकाळी सारा देश ज्या वजनकाट्याबद्दल बोलत होता, त्याच काट्याने सोळा वर्षांपूर्वी कॉर्मिएला रुग्णालयात पोहोचवले होते.

तिशीतील नवशिका

बीजिंगनंतर कॉर्मिए 29 वर्षांचा होता. महाविद्यालयीन कुस्ती संपल्यावर अमेरिकन मल्लापुढे मोजकेच पर्याय उरतात : प्रशिक्षक होणे, दुसरी नोकरी धरणे किंवा एमएमएकडे वळणे. बास्केटबॉल वा अमेरिकन फुटबॉलसारखी कुस्तीची भक्कम व्यावसायिक लीग तेथे नाही. हजारो मुले बालपणापासून रोज मेहनत करतात आणि बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी त्यांच्या विद्येला बाजार उरत नाही. एमएमएला सातत्याने मल्ल मिळत राहिले, त्यामागे हे आर्थिक कारण आहे.

2009 मध्ये तो कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील अमेरिकन किकबॉक्सिंग अकॅडमीत दाखल झाला. तेथे हावियर मेंडेझ हे प्रशिक्षक होते आणि ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचा माजी मल्ल केन व्हेलास्केझ सरावाला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्ट्राइकफोर्स या संघटनेच्या कार्यक्रमात कॉर्मिएने पहिली व्यावसायिक लढत जिंकली. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. इतर खेळाडू ज्या वयात निवृत्तीचा विचार करू लागतात, त्या वयात हा ऑलिंपिकपटू ठोसा कसा मारावा आणि लाथ कशी अडवावी याचे प्राथमिक धडे गिरवत होता.

दोन वर्षांनी स्ट्राइकफोर्सच्या हेवीवेट ग्रां प्री स्पर्धेत त्याला राखीव खेळाडू म्हणून स्थान मिळाले. ॲलिस्टर ओव्हरीम बाहेर पडल्यावर त्याच्या जागी कॉर्मिएला संधी मिळाली आणि त्याने उपांत्य लढतीत ब्राझीलच्या धिप्पाड अँटोनियो सिल्वाला पहिल्याच फेरीत ठोशांनी आडवे केले. 19 मे 2012 रोजी अंतिम लढतीत अनुभवी जॉश बार्नेटला पाच फेऱ्यांअंती हरवून त्याने स्पर्धा जिंकली. त्या लढतीत त्याने बार्नेटला एकेरी पटातून खांद्यापर्यंत उचलून आपटले, ते दृश्य या खेळाचे चाहते अजून विसरलेले नाहीत.

कुस्तीगीर पिंजऱ्यात का टिकतो?

यूएफसीची पहिली स्पर्धा 1993 मध्ये डेन्व्हर येथे झाली. तेव्हा वजनी गट नव्हते आणि नियम नाममात्र होते. कोणती युद्धकला श्रेष्ठ, हे पाहण्याचा तो प्रयोग होता आणि ब्राझिलियन जुजुत्सू जाणणाऱ्या शिडशिडीत रॉयस ग्रेसीने तो जिंकला. पाठोपाठ डॅन सेव्हर्न, मार्क कोलमन, रँडी कुतूर अशी महाविद्यालयीन मल्लांची रांग लागली. 1988 मध्ये ओहायो स्टेटकडून एनसीएए विजेता ठरलेला कोलमन 1997 मध्ये यूएफसीचा पहिला हेवीवेट विजेता झाला. पुढे वजनी गट, हातमोजे, निषिद्ध प्रहारांची यादी आणि परीक्षकांची गुणपद्धती आली. आज साधी लढत पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, तर किताबाची लढत पाच फेऱ्यांची असते. प्रतिस्पर्धी बेशुद्ध पडला, त्याने थाप मारून हार कबूल केली, पंचांनी लढत थांबवली किंवा परीक्षकांनी गुणांवर कौल दिला, की निकाल लागतो.

या खेळात मल्लाला मिळणारा मोठा लाभ एकच : लढत उभ्याने व्हायची की जमिनीवर, हे तो ठरवतो. मुष्टियोद्धा कितीही तरबेज असला, तरी पाठीवर पडल्यावर त्याच्या ठोशातील जोर जातो. उलट मल्लाला उभ्याने लढायचे असेल, तर त्याला खाली घेणे प्रतिस्पर्ध्याला सहज जमत नाही. दुसरा लाभ समोरच्याच्या मनाशी निगडित आहे. मल्ल केव्हा पटात शिरेल या धास्तीने प्रतिस्पर्ध्याचे हात खाली येतात आणि तोंड उघडे पडते. तिसरा लाभ सवयीचा. रोज कोणाच्या तरी वजनाखाली दबून पुन्हा उठण्याचा सराव ज्याने पंधरा वर्षे केला आहे, तो थकव्याने सहसा घाबरत नाही.

तरीही कुस्ती एकटी पुरत नाही. कुस्तीत पाठ टेकू नये म्हणून मल्ल पोटावर वळतो. पिंजऱ्यात पाठ प्रतिस्पर्ध्याला देणे म्हणजे गळ्याभोवती हाताचा विळखा ओढवून घेणे. पटात शिरताना पुढे आलेले डोके कुस्तीत सुरक्षित असते. येथे तेच गुडघ्याच्या माऱ्यात सापडते. जुन्या विद्येतील कोणती सवय ठेवायची आणि कोणती मोडायची, हे ज्याला उमगते तोच मल्ल टिकतो.

किताब, पराभव आणि पुन्हा किताब

एप्रिल 2013 मध्ये फ्रँक मीरला हरवून कॉर्मिएने यूएफसीत पदार्पण केले. त्या वेळी हेवीवेटचा किताब त्याचाच सराव-सोबती व्हेलास्केझ याच्याकडे होता. मित्राविरुद्ध लढायचे नाही म्हणून कॉर्मिएने 205 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 93 किलोंच्या, लाइट हेवीवेट गटात उतरण्याचे ठरवले. 96 किलोंपर्यंत येताना ज्याची मूत्रपिंडे कोलमडली होती, त्याने चौतिसाव्या वर्षी त्याहून खालचा गट निवडणे धाडसाचेच होते. या वेळी त्याने वजन आहाराच्या शिस्तीने, सावकाश उतरवले.

3 जानेवारी 2015 रोजी विजेत्या जॉन जोन्सने त्याला गुणांवर हरवले. जोन्स उंचीने आणि हातांच्या लांबीने त्याच्याहून खूप मोठा. शिवाय तोही कम्युनिटी कॉलेज स्तरावरचा राष्ट्रीय विजेता मल्ल. एमएमएमध्ये तोवर कोणीही खाली न घेतलेल्या कॉर्मिएला त्याने खाली घेतले. काही महिन्यांत मैदानाबाहेरील वर्तनामुळे जोन्सचा किताब काढून घेण्यात आला आणि 23 मे 2015 रोजी रिक्त किताबासाठी कॉर्मिएची गाठ अँथनी जॉन्सनशी पडली. पहिल्याच फेरीत जॉन्सनच्या ठोशाने तो कोसळला. तेथून उठून त्याने लढत जमिनीवर नेली आणि तिसऱ्या फेरीत मागून गळ्याला विळखा घालून जॉन्सनला हार कबूल करायला लावली. छत्तिसाव्या वर्षी तो विजेता झाला.

पुढची वाट निष्कलंक नव्हती. एप्रिल 2017 मध्ये बफेलो येथे तो पहिल्यांदा 206.2 पौंड भरला आणि काही मिनिटांतच, पुढे धरलेल्या टॉवेलआडून, बरोबर 205. टॉवेलवर हात टेकल्यामुळे काटा हलका झाला, असा आक्षेप घेतला गेला आणि त्यावर बरीच टीका झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये जोन्सने त्याला डोक्यावर लाथ मारून हरवले. मात्र उत्तेजक चाचणीत जोन्स दोषी आढळल्याने तो निकाल रद्द झाला आणि किताब कॉर्मिएकडे परतला. अशा रीतीने परतलेल्या किताबाविषयी लोकांच्या मनात शंका उरतेच.

ती शंका 7 जुलै 2018 रोजी बऱ्याच अंशी मिटली. व्हेलास्केझकडे तोवर किताब उरला नव्हता, म्हणून कॉर्मिए पुन्हा हेवीवेटमध्ये आला आणि विजेत्या स्टिपे मिओचिचला पहिल्या फेरीतच, 4 मिनिटे 33 सेकंदांनी, चीत केले. तो प्रहारही पाहण्यासारखा होता. दोघांची कुस्तीसारखी छातीला छाती लागलेली पकड होती. ती सुटता सुटता कॉर्मिएने जवळून उजवा ठोसा हाणला. हातांची ती मांडणी मल्लाची, शेवट मुष्टियोद्ध्याचा. एकाच वेळी दोन गटांचे किताब धारण करणारा तो यूएफसीतील दुसरा खेळाडू ठरला. पहिला आयर्लंडचा कॉनर मॅकग्रेगर. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डेरिक लुईसला हरवून त्याने हेवीवेटचा किताबही राखला. दोन्ही गटांत किताब जिंकून राखणारा तो पहिलाच.

ऑगस्ट 2019 मध्ये मिओचिचने परतफेड केली. पहिल्या फेरीत त्याला उचलून आपटल्यानंतर कॉर्मिए बराच काळ ठोशांच्याच खेळात रमला आणि चौथ्या फेरीत बरगड्यांवरील डाव्या ठोशांनी त्याचा बचाव मोडला. ज्या विद्येने मोठे केले तिच्यापासून दूर गेल्याची किंमत, असे अनेकांनी या पराभवाचे विश्लेषण केले. 15 ऑगस्ट 2020 रोजी तिसरी लढत गुणांवर गमावून, एकेचाळिसाव्या वर्षी, तो निवृत्त झाला. नोंद : 22 विजय, 3 पराभव, एक रद्द निकाल. हे तिन्ही पराभव अवघ्या दोन खेळाडूंकडून आले. 2022 मध्ये यूएफसीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. समालोचनाबरोबरच तो कॅलिफोर्नियातील गिलरॉय येथे शाळकरी मुलांना कुस्ती शिकवतो.

आपल्यासाठी यात काय?

महाविद्यालयीन मल्ल ही कल्पना आपल्याला परकी नाही. स्वतंत्र भारताला 1952 मध्ये हेलसिंकी येथे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते आणि त्यांच्या प्रवासखर्चासाठी प्राचार्यांनी आपले घर गहाण टाकल्याची हकिकत सर्वश्रुत आहे. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात आजही तालमी भरतात. नोकरी न मिळालेला मल्ल पंचविशीनंतर काय करतो, हा प्रश्न मात्र तेथेही अमेरिकेइतकाच खरा आहे.

भारतीय खेळाडू या नव्या वाटेने निघालेच आहेत. राष्ट्रकुल कुस्ती स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलेली रितू फोगाट 2019 मध्ये एमएमएत उतरली. 2024 मध्ये पूजा तोमर यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय ठरली. ती मात्र कुस्तीतून नव्हे, वुशूतून आलेली. आपल्याकडील एखादा तरुण उद्या तालमीतून या वाटेने निघाला, तर आश्चर्य वाटायला नको.

त्याला सल्ला देताना मात्र कॉर्मिएची गोष्ट पुरती सांगावी. डोक्यावर बसणाऱ्या प्रहारांची झळ वर्षानुवर्षे साचते. किताबाचा पट्टा थोड्यांनाच मिळतो आणि बाकीचे बरेच जण दुखापती घेऊन बाहेर पडतात. काट्यावर जिंकलेले काही किलो शरीराकडून उसने घेतलेले असतात. आशियातील वन चॅम्पियनशिप या संघटनेने 2015 मध्ये एक खेळाडू वजन उतरवताना दगावल्यानंतर पाणी घटवून वजन कमी करण्यावरच बंदी घातली आणि शरीरातील पाण्याची चाचणी सुरू केली. आपल्याकडे तालुका पातळीवरच्या स्पर्धांतही मुले आदल्या रात्री उपाशी-तहानलेली राहतात. तेथे ही दक्षता आणायला मोठा निधी लागत नाही. वजन कुस्तीच्या अगदी आधी घेतले आणि मुलाला त्याच्या खऱ्या गटात लढू दिले, तरी पुष्कळ साधते. बीजिंगच्या रुग्णालयातून कॉर्मिए सुदैवाने सावरला, म्हणून पुढची दहा वर्षे घडली. 1997 मधील त्या तीन मुलांना ती संधी मिळाली नव्हती.